खांदेरी की खंदेरी? जुन्या कागदांबाबत मदत हवी आहे

राम राम मंडळी. मी धुळ्याचा. आमच्याकडे पाणी म्हणजे तापी-पांझरा, त्यामुळे समुद्रातल्या बेटाच्या नावात माझं डोकं का अडकलंय असं घरचेही विचारतात!

अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यासमोरचं हे बेट. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तिथे किल्ला बांधायला घेतला, आणि इंग्रज व सिद्दी दोघेही अंगावर आले. नंतर सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली. इंग्रजांनी या जोडीचं 'हेनरी-केनरी' केलं. १९९८ मध्ये खांदेरीला कान्होजी आंग्रे बेट असं नाव मिळालं. त्यावर माझा आक्षेप नाही, पण जुनं नाव नीट कळायला हवं. मराठीतही कुणी खांदेरी लिहितं, कुणी खंदेरी.

छापील पुस्तकांवर माझा भरवसा नाही, कारण मोडीतून देवनागरी करताना काना-अनुस्वार लिप्यंतर करणाऱ्याच्या मर्जीने येऊ शकतो. म्हणून सतराव्या-अठराव्या शतकातल्या मूळ मोडी कागदाचा फोटो कुणाकडे आहे का? आंगरेकालीन असेल तर उत्तमच. आमच्या राजवाडे संशोधन मंडळात असं काही कुणी पाहिलंय? थळचे कोळी बांधव बोलताना काय म्हणतात, तेही सांगा.