मदत हवी आहे: टीएसएचचा मीडियन ३१२ येतोय!

मायक्रोटोम:
मी पॅथॉलॉजिस्ट. वर्षभरापासून डेटा अ‍ॅनालिसिसची फार गोडी लागलीय. रिपोर्ट साइन करून झाले की रात्री तेच. आमच्या लॅबचे सगळे टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) काढले, तर मीडियन (रांगेतला मधला आकडा) ३१२! शक्यच नाही. तीन रात्री गेल्या, उद्या विभागात दाखवायचंय. लवकर सांगा.

शंकेखोर:
कशात करताय? फाइल कशी काढली?

मायक्रोटोम:
आर, ती आकडेवारीची प्रोग्रॅमिंग भाषा. लॅबच्या सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता). युनिट बरोबर आहेत, ते आधीच बघितलं.

पांढरीपेशी:
आर सोडा, पायथन घ्या. मीही लॅबमधलाच, त्यातली पांडास लायब्ररी शिकलो आणि सुटलो.

शंकेखोर:
भाषा बदलून फाइलमधली घाण जात नाही. ताई, त्या कॉलममधल्या काही नोंदी टाका. पेशंटची नावं, नंबर नकोत.

मायक्रोटोम:
२.४१
१.८७
<०.००५
सॅम्पल अपुरं
६.९२

जुनाखोड:
एक्सेल तर याहून वाईट. मार्च१, सेप्ट२ या जनुकांच्या तारखा करायचं. शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलली.

पांढरीपेशी:
इथे जनुकांचा काय संबंध?

सुमन_का:
माझा टीएसएच ६.९ आलाय. गोळी वाढवू का?

शंकेखोर:
सुमनताई, मनाने वाढवू नका, डॉक्टरांना दाखवा.
मायक्रोटोम, आर ४.० च्या आधीचं आहे का?

मायक्रोटोम:
हो, ३.६. का?

शंकेखोर:
मग तेच. कॉलममध्ये शब्द दिसले की जुनं आर त्याचा फॅक्टर करतं, म्हणजे प्रत्येक वेगळ्या नोंदीला आत एक अनुक्रमांक देतं. त्यावर थेट अ‍ॅज डॉट न्यूमेरिक (आकडा बनवणारं फंक्शन) लावलंत की आकडे नाही, आतले अनुक्रमांक मिळतात. आधी अ‍ॅज डॉट कॅरेक्टर (मजकूर बनवणारं) लावा. पण मग '<' वाल्या ओळी एनए (रिकाम्या) होऊन गळतील, त्या वेगळ्या काढा.

पांढरीपेशी:
तिथे मशीनच्या मोजण्याच्या खालच्या मर्यादेच्या निम्मा आकडा भरायचा.

शंकेखोर:
सरासरीसाठी तो बनावट आकडा मला पटत नाही. मीडियनला मात्र त्या ओळी निम्म्याहून कमी असतील तर काहीही छोटं भरलं तरी चालतं. फक्त टाकून देऊ नका.

मायक्रोटोम:
मीडियन २.३! '<' वाल्या ओळी एकेक उघडतेय. बहुतेकांचा फ्री टी४ (थायरॉइडचं हार्मोन) वाढलेला, एक तर मीच फोन करून कळवलेला पेशंट. हे सगळे मोजणीतून गेले असते. उद्या आधी याच दाखवते.