शब्दचर्चा: 'प्रायव्हसी' म्हणजे गोपनीयता की खासगीपणा? आणि 'पाळत' कोणाची?

धरमपेठकर:
नागपुरातल्या कॉलेजच्या मुलांसाठी मराठी प्रश्नावली तयार करतेय. समाजमाध्यमांवर आपल्याला कोण बघतं, याबद्दल त्यांना काय वाटतं, हे समजून घ्यायचंय. 'तुम्ही गोपनीयता जपता का?' या प्रश्नावर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माझ्यापाशी लपवण्यासारखं काहीच नाही." हीच मुलगी स्टोरी टाकताना काका-आत्यांना हाइड करते. शब्द चुकतोय का? आणि 'सर्व्हेलन्स'ला पाळत चालेल?

महालकर:
ताई, शब्दच चुकतोय. गोपनीयतेच्या मुळाशी 'गुप्' धातू आहे. त्याचा अर्थ राखणं, पण आज उरलाय तो लपवण्याचाच. मंत्री गोपनीयतेची शपथ घेतात ती सरकारी गुपितं न फोडण्याची. कचेरीतला 'गोपनीय' शिक्काही तसाच. म्हणून हा शब्द ऐकला की मुलं आधी आपण काय दडवतोय ते आठवू लागतात.

'खासगी'त दडवणं नाही, हक्क आहे. होळकरशाहीत राणीच्या स्वतःच्या उत्पन्नाला खासगी म्हणत. ते सगळ्यांना ठाऊक असे, पण त्यावर अधिकार तिचा. तुमच्या विद्यार्थिनीचंही तेच: स्टोरी गुपित नाही, पण कोणाला दाखवायची ते ती ठरवणार. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने जो मूलभूत हक्क मानला, तोही खासगीपणाचाच. त्या पीठावर आपल्या नागपूरचे न्या. शरद बोबडे होते. (खाजगी लिहिलं तरी चालतं, मूळ 'खास', म्हणून मी खासगी लिहितो.)

फुटाळ्यावरून:
मी सेकंड इयरला आहे. पाळत हा शब्द आमच्यात घरच्यांसाठीच येतो. "दादा पाळत ठेवून राहिला", "वॉर्डन सगळ्यांचे स्टेटस बघून राहिल्या" असंच बोलतात. कंपन्या बघतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याला पाळत कोणी म्हणत नाही. बूट शोधले आणि दिवसभर बुटांच्याच जाहिराती आल्या, तर "फोन ऐकून राहिला बे आपलं" म्हणतात अन् पुढे जातात. कंपनी घरी जाऊन सांगत नाही न!

महालकर:
हे फार मोलाचं सांगितलंस. लक्ष ठेवणं मायेचंही असतं, 'पोरीकडे लक्ष ठेवजा' म्हणतो आपण. नजर ठेवण्यात संशय आला. पाळत त्याच्याही पुढची: ठरवून, चोरून, आणि ती ठेवणारा कोणीतरी माणूस लागतोच. देखरेख कामावरची, टेहळणी फौजेची. ते दोन्ही इथे नकोत.

कंपन्या करतात त्याला मी 'माग काढणं' म्हणेन. पेंचच्या जंगलात ठशांवरून वाघाचा माग काढतात, त्यासाठी वाघ समोर दिसावा लागत नाही. तसंच तुम्ही कुठल्या रीलवर किती वेळ थांबलात, काय शोधलंत, फोन कुठे होता, एवढ्यावरून तुम्ही कोण ते ठरवलं जातं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना बालक मानतो. त्यांचा असा माग काढायला, त्यांना हेरून जाहिराती दाखवायला त्यात मनाई आहे. फर्स्ट इयरला कितीतरी मुलं १७ वर्षांची असतात. ही तरतूद त्यांच्यासाठी आहे, आणि ती त्यांना त्यांच्या भाषेत कळलीच पाहिजे. नुसतं 'पाळत' विचारलंत तर सगळे दादाबद्दल बोलतील आणि कंपनी सुटून जाईल.

धरमपेठकर:
पटलं. गोपनीयता काढून टाकते. आता दोन वेगळे प्रश्न: 'तुमच्यावर कोण पाळत ठेवतं?' आणि 'तुमचा माग कोण काढतं?'

फुटाळ्यावरून:
मॅडम, दुसऱ्या प्रश्नाला पर्याय देऊ नका. कंपनी लिहिलेली दिसली की सगळे तिथेच टिक करतील. जागा मोकळी ठेवा.