अहवालानंतर धाकट्या बहिणीला साथ कशी द्यावी?

प्रश्न – थोरली
माझ्या धाकट्या बहिणीला १८वा आठवडा चालू असून ॲम्निओसेंटेसिसच्या (गर्भजल तपासणीच्या) अहवालात बाळाला ट्रायसोमी २१, म्हणजे २१वे गुणसूत्र एक जास्तीचे असल्याने होणारा डाऊन सिंड्रोम, असल्याचे निष्पन्न झाले आहे. "गर्भ ठेवायचा की नाही ते सोमवारपर्यंत कळवा", एवढेच सांगून डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला. सासूबाईंनी देव पाण्यात घातले आहेत, जावई गप्प आहेत आणि आमची आई म्हणते, "मोकळी हो". दोन्ही घरे मलाच "तू समजाव" म्हणतात. मला तिच्या वतीने निर्णय घ्यायचा नाही, पण तिला एकटीही पडू द्यायचे नाही. मी नेमके काय करावे?

उत्तर – समुपदेशक
ताई, सोमवारची मुदत कायद्याने घातलेली नाही. गर्भपाताच्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार गर्भपातासाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे, तर बाळात गंभीर दोष असल्यास २४ पर्यंत दोघांचे मत लागते; त्यापुढे प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जाते. संमती सज्ञान स्त्रीची एकटीची पुरते, नवऱ्याची किंवा सासूबाईंची सही लागत नाही, हे तिला एकांतात सांगा. गर्भाच्या हृदयाची इको (सोनोग्राफीसारखी तपासणी) मात्र लवकर करून घ्या, कारण अशा सुमारे निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो, आणि बौद्धिक अडचण कितपत असेल हे गुणसूत्रांच्या अहवालावरून सांगता येत नाही. तिचे प्रश्न तिच्याच शब्दांत वहीत उतरवून न्या. विचारू द्या तिलाच.

उत्तर – नऊ वर्षांच्या मुलीची आई
माझ्या लेकीला डाऊन सिंड्रोम आहे. सदऱ्याची बटणे स्वतः लावायला तिला सातवे वर्ष उजाडले, आणि त्या दिवशी तिने तीच बटणे चार वेळा काढून लावली. ही मुले म्हणजे देवाचा प्रसाद, असे म्हणणाऱ्यांचा मला जितका राग येतो, तितकाच जन्माची फरफट म्हणणाऱ्यांचाही येतो. बहिणीची इच्छा असेल, तरच तिला अशा एखाद्या घरी न्या. अशा मुलांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. पण ही माहिती "मग ठेवच" असे सुचवण्यासाठी वापरू नका.

उत्तर – अनामिका
मी १९व्या आठवड्यात गर्भपात करून घेतला. "दुसरे होईल" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले की फोन उचलणेच सोडले. माझी वहिनी मात्र रोज संध्याकाळी येऊन माझ्यासोबत भाजी निवडत बसे आणि काही विचारत नसे. तिसऱ्या दिवशी मला दूध आले. असे होऊ शकते हे कोणीच सांगितले नव्हते. बहिणीने तो मार्ग निवडला, तर त्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.