केओएफ ९७ वाली एसएनके बुडाली कशी?

कोयनाकाठ
शाळेत असताना आमच्या कराडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये दोनच मशीनवर झुंबड असायची: मुस्तफा (म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स) आणि केओएफ ९७ (द किंग ऑफ फायटर्स ९७). मुस्तफावाली कॅपकॉम आजही जोरात आहे. केओएफवाली एसएनके मात्र २००१ मध्येच दिवाळखोरीत गेली म्हणे. मग आज त्याच नावाने गेम कोण काढतंय? आणि पार्लर सदा भरलेलं असताना कंपनी बुडते कशी?

सोल्डरगन
पार्लर भरलेलं होतं हो, पण त्याचं तिकडे जपानात, ओसाकाच्या एसएनकेला काय! मी तेव्हा ही मशीनं दुरुस्त करायचो. माझ्या हाताखालून गेलेले बहुतेक बोर्ड डुप्लिकेट. तुमच्या रुपयातला छदामही तिकडे गेला नसणार. पण कंपनी बुडाली ती त्यामुळे नाही.

१९७८ ची कंपनी, मालक एइकिची कावासाकी. खरा डाव टाकला १९९० मध्ये, निओ जिओ एमव्हीएस हे पार्लरचं मशीन आणून. तोवर गेम बदलायचा म्हणजे सहसा अख्खा बोर्ड बदला. इथे मदरबोर्ड कायम, वर फक्त कार्ट्रिज खोचायचं. मॉडेलप्रमाणे एका कॅबिनेटमध्ये दोन, चार, अगदी सहा गेम. धंदेवाल्याची जागाही वाचली आणि पैसाही. ओरिजिनल माल क्वचितच यायचा, पण आला की उघडून बघण्यात मजा होती. कार्ट्रिजमध्ये दोन पाट्या, एकीवर मुख्यतः चित्रांच्या रॉम चिप, दुसरीवर प्रोग्रॅमच्या. मदरबोर्डवर एक ३.६ व्होल्टची बॅटरी. ती गळली की आजूबाजूचे ट्रॅक हिरवे पडून खलास. आमचे उस्ताद म्हणायचे, "पहिल्यांदा ती बॅटरी उपट, मग बाकीचं बघ."

आणि गंमत बघा, पहिला स्ट्रीट फायटर बनवणारे ताकाशी निशियामा कॅपकॉम सोडून इकडेच आले. १९९१ चा फेटल फ्युरी त्यांचा. मग सामुराई शोडाउन, केओएफ, मेटल स्लग. ओळीने हिट.

पण हेच निओ जिओ २००४ पर्यंत ओढलं! बाहेर प्लेस्टेशन आलं, लोक घरी थ्रीडी खेळायला लागले, पार्लर ओस पडू लागली. यांनी १९९७ मध्ये हायपर निओ जिओ ६४ हे पार्लरचं थ्रीडी मशीन काढलं, त्यावर गेम आले जेमतेम सात. त्याआधीच्या निओ जिओ सीडी या घरगुती मशीनमध्ये लोडिंग होईस्तोवर चहा पिऊन यावं. ऑक्टोबर १९९८ मध्ये हातातलं निओ जिओ पॉकेट आणलं तेही ब्लॅक अँड व्हाइट, आणि त्याच महिन्यात निन्तेन्दोचा गेमबॉय कलर! वर १९९९ मध्ये तोक्योच्या ओदाइबात मनोरंजन पार्क. हात आखडायच्या वेळी हा कारभार.

मृण्मयी_ठाणे
दादा, सगळं खापर एसएनकेवर नको. जानेवारी २००० मध्ये आरूझेने कंपनी ताब्यात घेतली. आरूझे म्हणजे पाचिस्लॉटवाले, जुगाराच्या मशीनचा धंदा. त्यांनी एसएनकेची पात्रं त्या मशीनवर नाचवली आणि पॉकेट कलर (त्या निओ जिओ पॉकेटची रंगीत आवृत्ती) अमेरिकेतून त्याच वर्षी गुंडाळलं. तो पॉकेट कलर माझ्याकडे आहे. त्याची ती टिकटिक करणारी छोटी जॉयस्टिक आजही एक नंबर चालते.

कोयनाकाठ, आता तुमचं दुसरं. कावासाकींनी ऑगस्ट २००१ मध्ये प्लेमोअर नावाने कंपनी थाटली, दिवाळखोरीनंतर गेमचे हक्क तिनेच विकत घेतले. मधल्या काळात केओएफ २००१ कोरियाच्या इओलिथ कंपनीच्या पैशावर निघाला, आणि तो पैसा किती तुटपुंजा होता ते त्या गेमच्या बॅकग्राउंडमध्ये दिसतं! पुढे प्लेमोअरची एसएनके प्लेमोअर झाली, २०१६ पासून परत नुसती एसएनके. मधे चिनी गुंतवणूकदार आले, आणि २०२२ मध्ये जवळपास सगळे शेअर सौदी युवराजांच्या मिस्क फाउंडेशनकडे गेले.

सोल्डरगन
आरूझेचं मान्य, ताई. पण आरूझेच्या दारात जायची वेळ आली कशाने? १९९७ मध्येच पाय घसरला होता. आरूझेने शेवटचा धक्का दिला, एवढंच.

कोयनाकाठ
दोघांचे आभार. सौदीपर्यंत गोष्ट जाईल असं वाटलं नव्हतं. आता तो ९७ रीतसर कुठे मिळेल? डुप्लिकेट नको, यंदा तरी पैसे भरतो.

सोल्डरगन
हॅम्स्टर कंपनीने 'एसीए निओ जिओ' मालिकेत तो काढलाय. स्विच, पीएस४, कशावरही घ्या. फक्त आर्केड स्टिक बरी बघून घ्या, टचस्क्रीनवर केओएफमधल्या इओरीच्या मूव्ह काढायच्या भानगडीत पडू नका.