त्रिपक्षीय बैठका म्हणजे नुसता टाइमपास? मला नाही पटत

पाळीवाला:
परवा इथे एकाने लिहिलं की कामगार कायदे करताना सरकार, मालक आणि युनियन यांना एका टेबलाशी बसवणं हा टाइमपास आहे, बहुमत आहे तर सरळ कायदा करा आणि मोकळे व्हा. तिथेच दोन ओळी लिहिणार होतो पण राहवेना, म्हणून वेगळा धागा.

१९४२ साली आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं बघायला लागले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी दिल्लीत तिन्ही बाजू एकत्र बसवल्या, तिथून भारतीय श्रम परिषद ही कायमची झाली. चार वर्षांत कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. १९५७ च्या १५व्या परिषदेत किमान वेतन कसं मोजायचं ते ठरलं, माणशी २७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, सरपण-दिवाबत्ती. तो नुसता ठराव होता, कायदा नव्हता, तरी १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तोच धरला आणि वर मुलांचं शिक्षण, औषधपाणी वगैरेसाठी २५ टक्के घातले. टाइमपासमधून असं काही निघतं का?

आणि आता? ४६वी परिषद जुलै २०१५ ला झाली, त्यानंतर एकही नाही. मधल्या काळात २९ कामगार कायदे एकत्र करून ४ संहिता झाल्या, त्यातल्या ३ सप्टेंबर २०२० मध्ये विरोधी बाकं रिकामी असताना पास झाल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला लागूही झाल्या. तिघांनी मिळून बोलायचं या आंतरराष्ट्रीय करारावर आपण १९७८ सालीच सही केलीय. सही करून बोलायचंच नाही, माझा राग त्यावर आहे.

वर्कशॉपवाला:
परिषद भरली नाही म्हणजे चर्चाच झाली नाही असं नसतं, संहितांवर केंद्राच्या कामगार मंत्रालयाने युनियन आणि मालक दोघांच्याही बैठका घेतल्या होत्या. माझा मुद्दा वेगळाच आहे. माझ्याकडे २२ माणसं, तीन पॉवर प्रेस. 'मालकांचे प्रतिनिधी' म्हणून टेबलाशी कोण बसतं? हजारो माणसं ठेवणारे. मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

आणि त्रिपक्षीयचं एवढं कौतुक असेल तर माथाडी, म्हणजे हमालांच्या, बोर्डांकडे बघा, तिथेही तिघेच असतात ना? माझ्या गेटवर कॉइलचा ट्रक आला, उतरवायला माझी क्रेन, माझा ऑपरेटर. तरी टोळी येऊन उभी, वाराई, म्हणजे माल उतरवायची मजुरी, द्या नाहीतर ट्रक हलणार नाही. तीन तास ड्रायव्हर केबिनमध्ये बसून, प्रेस बंद, शेवटी पैसे दिले. पावती मागितली तर हसले.

हमालाची लेक:
पावती दिली नाही ना? मग ते माथाडी नव्हते, खंडणीवाले होते. नोंदलेल्या कामगाराचे पैसे बोर्डात भरायचे असतात, हातात नाही. गुंडांनी आमचं नाव वापरायचं आणि बदनाम आम्ही व्हायचं हे वर्षानुवर्षं चाललंय.

माझे वडील १०० किलोची गोणी पाठीवर घ्यायचे. मानेच्या खाली, जिथे गोणीची कड टेकते, तिथे लिंबाएवढी गाठ होती आणि तिच्यावरची कातडी टाचेसारखी झाली होती. लहानपणी मी ती दाबून बघायचे, त्यांना काही कळायचं नाही. ५० किलोची गोणी करा म्हणून हमालांना किती वर्षं भांडावं लागलं माहितीये? १९६९ चा माथाडी कायदा हमालांचे नेते अण्णासाहेब पाटलांच्या माणसांनी रस्त्यावर उतरून मिळवला. त्याआधी मुकादम देईल ती मजुरी. नोंदणी झाल्यावर वडिलांचा पगार बँकेत यायला लागला, मालक मजुरीवर बोर्डात जी जादा लेव्ही भरतो तिच्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, दवाखाना. माझी फी त्यातूनच भरलीय, त्यामुळे मला हे कुणी शिकवू नये.

वर्कशॉपवाला:
ताई, तुमच्या वडिलांबद्दल मी एक अक्षर बोललो नाही. पण खोटी टोळी आणि खरी टोळी ओळखायची कशी, हे त्या तीन तासांत मला कोण सांगणार? बोर्डात फोन केला तर तक्रार लेखी द्या म्हणाले. गेटवर आठ माणसं उभी असताना लेखी?

हमालाची लेक:
तर मग बोर्ड नीट चालवा म्हणून भांडा, आम्ही तुमच्या बाजूने उभं राहू. बोर्डावर मालकांचे प्रतिनिधी आमच्याइतकेच असतात, त्यांना जाब विचारलात कधी? प्रत्येक वेळी उठून 'कायदाच काढून टाका' कशाला?

सुपारीबाग:
माथाडीवरून भांडण संपलं असेल तर मूळ विषयावर येतो. माझे वडील मुंबईच्या कापड गिरणीत बदली होते, म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर. गिरण्यांतली जवळपास सगळी माणसं संपाचे नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे, पण १९४६ च्या कायद्याने बोलणी करायचा हक्क फक्त मान्यताप्राप्त युनियनला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. म्हणजे सरकार होतं, मालक होते, कागदावर कामगारही होते, टेबल पूर्ण. आणि कामगार रस्त्यावर. वडील पुन्हा कधी आत गेले नाहीत. त्यामुळे तिघे बसले की न्याय होतो हे पाळीवाल्यांनी मला सांगू नये.

पाळीवाला:
मी तसं म्हटलेलं नाही, पण ठीक आहे, माझ्या पोस्टमध्ये ही बाजू यायला हवी होती. गिरणीचं उदाहरण माझ्याविरुद्ध जातंच. तरी त्यावरचा उपाय टेबल मोडणं नाही, कामगारांनी स्वतः निवडलेला माणूस तिथे बसवणं हा आहे. खरं तर १९८२ ची एक मागणी तीच होती.

कंत्राटी_११:
निवडायला आधी मोजलं पाहिजे ना. नव्या संहितेत ५१ टक्के सभासद असलेली युनियन बोलणी करणार, पण टक्के कशाचे, आस्थापनेच्या हजेरीपटावरचे. आमच्या प्लांटमध्ये एकाच लाइनवर दोन रंगांचे शर्ट, निळे कंपनीचे, राखाडी आम्ही. आम्ही जास्त. आमची हजेरी ठेकेदाराच्या वहीत. मी सहा वर्षं तोच टॉर्क रेंच धरतोय आणि तीनदा ठेकेदार बदलला. परिषद २०१५ ला झाली काय की काल झाली काय, राखाडी शर्टातला माणूस तिथे नव्हताच.

पाळीवाला:
याला माझ्याकडे उत्तर नाही.

वर्कशॉपवाला:
मी अजूनही म्हणतो की दिल्लीतल्या परिषदेने माझं काही भलं होणार नाही, आणि आमच्यासारख्यांसाठी वेगळी खुर्ची हवीच. पण एक गोष्ट कबूल करतो. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यात दिवसाचे ९ चे १२ तास करायला मान्यता दिली, तिमाहीचा ओव्हरटाइम ११५ तासांवरून १४४, तेव्हा मला आनंद झाला होता. त्यात कामगाराची लेखी संमती घ्यायचीय. ओव्हरटाइमसाठी माझ्याकडे संमतीचे फॉर्म मीच वाटतो, मीच गोळा करतो. २२ पैकी एकानेही आजवर नाही म्हटलेलं नाही. काल रात्री हा धागा वाचताना पहिल्यांदा डोक्यात आलं, मी समोर उभा असताना म्हणणार कोण?