साथीच्या रोगात दवाखान्याचं बिल नक्की कुणी भरायचं?

माणगंगाकाठ
नमस्कार मंडळी. परवा घरात या विषयावर चांगलंच वाजलं म्हणून इथं विचारतोय. 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या चुलत्यांचा ऑक्सिजन उतरला, सरकारीत बेड नव्हता, ॲम्ब्युलन्स घेऊन फिरता फिरता शेवटी जिल्ह्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात जागा मिळाली. बरे होऊन घरी आले, देवाची कृपा. पण बिल साडेचार लाखाच्या घरात गेलं, आधी डिपॉझिट आणि मग रोज मेडिकलची चिठ्ठी वेगळी. काकूंचं सोनं पतसंस्थेत तारण पडलं, बाकीचे हातउसने. ते अजून फिटायचंय.
धाकटा भाऊ म्हणतो माणूस वाचला ना, मग ज्याचं दुखणं त्याचं बिल, त्यात सरकारचा काय संबंध. मला हे पटत नाही. सरकारच्याच हुकमानं बाजार बंद होते, ढबू मिरची शेतात सडली, आम्ही घरात बसलो ते काय फक्त आमच्यासाठी बसलो होतो का? कमाई पण बंद ठेवायची आणि बिल पण आपणच भरायचं हे कुठलं गणित. तुम्हाला काय वाटतं, आणि ती सरकारची फुकट उपचाराची फुले योजना तेव्हा सगळ्यांना होती म्हणतात ते खरं का?

केसपेपर
योजनेचं आधी सांगते, मी तेव्हा एका हॉस्पिटलच्या क्लेम डेस्कवर होते. हो, खरं आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना आधी मुख्यतः पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्यांना होती, मे 2020 मध्ये कोरोनामुळे ती राज्यातल्या सगळ्यांना खुली केली, पांढरं कार्ड असलं तरी चालत होतं. पण हॉस्पिटल योजनेच्या यादीत पाहिजे, आजार पॅकेजमध्ये, म्हणजे योजना ज्यांचे पैसे देते त्या उपचारांत, बसला पाहिजे (साधा ताप-खोकला बसत नव्हता), आणि वर्षाची मर्यादा तेव्हा कुटुंबाला दीड लाख होती. आरोग्यमित्राच्या, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, टेबलापर्यंत जे पोचले त्यांचं काम झालं. पण रात्री दोनला पेशंट घेऊन आलेल्या माणसाला "योजनेत बेड नाही, कॅशमध्ये आहे" असं कुणी सांगितलं तर तो भांडत बसत नाही हो, तो पैसे भरतो.
विमा असलेल्यांचेही हाल होतेच. पीपीई किट, ग्लोव्हज, मास्क याचे पैसे बिलात लागायचे आणि विमा कंपनी त्यातलं बरंच कापायची. कॅशलेस म्हणून आलेली माणसं डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईकांना फोन करत काउंटरसमोर उभी असायची. हे मी रोज बघितलंय आणि तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की साथीत बिलाचा कागद पेशंटच्या हातात जाताच कामा नये.

तालुक्याचा डॉक्टर
थोडी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. सगळ्यांनी लुटलं असं नाही. काहींनी लुटलं, ते मी नाकारत नाही आणि त्यांचं समर्थनही करणार नाही. पण छोट्या नर्सिंग होमचं बघा, ऑक्सिजन सिलेंडर मिळेना, मिळाला तर दुप्पट भावाने, सिस्टर आणि मावशी कामावर यायला घाबरायच्या त्यांना जादा पगार, शिवाय आम्ही स्वतः आजारी पडत होतो.
सरकारने मे 2020 मध्ये दर ठरवून दिले, खाजगी हॉस्पिटलच्या 80 टक्के बेडसाठी. साध्या वॉर्डचे दिवसाला 4000, आयसीयू 7500, व्हेंटिलेटरसह 9000. दर ठरवले ते बरंच केलं, नाहीतर काय झालं असतं सांगता येत नाही. पण पीपीई, महागडी औषधं, सीटी स्कॅन हे सगळं त्या दराच्या बाहेर होतं आणि बिल फुगायचं ते नेमकं तिथंच. जून 2021 ला शहरांचे वर्ग पाडून लहान गावांचे दर कमी केले, वॉर्डचे 2400 पर्यंत. दुसरी लाट तोवर ओसरायला लागली होती.
माझं म्हणणं असं की सरकारने बेड सरळ ताब्यात घ्यावेत आणि खर्च हिशोबाने वेळेवर आम्हाला द्यावा, बेड भरलेला असो की रिकामा. मग पेशंटकडून एक रुपया घ्यायची गरज नाही आणि उधारीवर ऑक्सिजन आणायचीही नाही.

सिंगापूरहून
इथलं सांगतो. इथे सुरुवातीला कोविडचं सरकारी हॉस्पिटलचं बिल सरकारच भरत होतं, नागरिक, कायम रहिवासी आणि आमच्यासारखे वर्क पासवर राहणारे सगळ्यांचं, परदेशातून येऊन लगेच पॉझिटिव्ह निघालेले सोडून. मग 8 डिसेंबर 2021 पासून नियम केला की लस घेता येत असूनही ज्यांनी स्वतःहून घेतली नाही त्यांनी आपलं बिल आपण भरायचं. मला हे योग्य वाटतं. सगळ्यांनी मिळून खर्च उचलायचा तर प्रत्येकाने आपल्या वाटणीची काळजी घ्यायलाच हवी ना.

केसपेपर
@सिंगापूरहून दादा तुमच्याकडे चालेल, इथे नाही. आपल्याकडे मे 2021 मध्ये माणसं पहाटेपासून लसीच्या रांगेत उभी राहून परत जात होती, कोविन ॲपवर स्लॉट दिसायचा आणि लगेच गायब व्हायचा, ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्यानं काय करायचं? त्याला लस घेतली नाही म्हणून बिल लावणार? आणि घाबरून न घेणारी म्हातारी माणसं होतीच, त्यांच्याशी बोलायला घरोघरी आशाताई गेल्या, ते काम बिलाच्या धाकाने झालं नसतं.

जुनी कागदपत्रं
सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट कुणी काढली नाही ती काढतो, कारण मला वाटतं मूळ ग्यानबाची मेख तिथंच आहे. 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आला, त्यापायी फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा झाला. हाच कायदा आपण 2020 मध्ये वापरला. जेमतेम चार कलमांचा कायदा. लोकांना त्याची आठवण आहे ती पुण्यातल्या घरझडत्या आणि रँडमुळे, पण त्याच्या दुसऱ्याच कलमात लिहिलंय की साथ रोखायला जे नियम करायचे त्यांचा खर्च, नुकसानभरपाईसकट, कुणी आणि कसा सोसायचा हे सरकार ठरवू शकतं. म्हणजे पैसे कोण भरणार हा प्रश्न तेव्हाच्या इंग्रज सरकारलाही सुचला होता.
आता 2020 चं बघा. डॉक्टरसाहेब म्हणाले ते दर ज्या आदेशाने आले त्याला या कायद्याचा आधार होता. त्या आदेशाने किती घ्यायचे ते ठरवलं. कुणी भरायचे याला हातच लावला नाही, त्यामुळे ते आपोआप पेशंटवर आले. ज्याला सरकारच्या तात्पुरत्या जंबो कोविड सेंटरमध्ये बेड मिळाला त्याला बिल शून्य, ज्याला तिथं जागा मिळाली नाही त्याला चार लाख. आजार तोच, महिना तोच, फरक फक्त त्या रात्री कुठला बेड रिकामा होता एवढाच. याला धोरण म्हणवत नाही मला. तुमच्या भावाला सांगा, लस सरकारी केंद्रात फुकट दिली ती दया म्हणून नाही, एकाला टोचली की शेजारी पण वाचतो म्हणून. उपचाराचंही तेच आहे, बिलाच्या भीतीने जो तपासणी टाळतो तो गावभर फिरतो.

माणगंगाकाठ
ही बेडची गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती, भावाला वाचून दाखवली, तो गप्प बसला पण म्हणाला सरकार पैसे आणणार कुठून, शेवटी कर आपणच भरणार.

जुनी कागदपत्रं
बरोबर बोलला, आपणच भरणार. पण सगळे थोडं थोडं भरणार, आणि आजारी पडायच्या आधी. तुमच्या काकूंनी एकटीने सोनं ठेवून भरलं. राष्ट्रीय आरोग्य धोरण 2017 मध्ये केंद्रानेच लिहिलं होतं की 2025 पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. तिथं आपण पोचलो नाही. पैसे कुठून हा प्रश्न तुमच्या भावाने तिथं विचारावा.

तालुक्याचा डॉक्टर
@माणगंगाकाठ बिलाची मूळ प्रत जपून ठेवली आहे का? वॉर्डचा रोजचा दर 4000 पेक्षा जास्त लावलाय का आणि डॉक्टर व्हिजिट, नर्सिंग, जेवण वेगळं धरलंय का ते बघा, ते त्या दरातच होतं. तेव्हा बिलं तपासायला सरकारने ऑडिटर नेमले होते आणि काही ठिकाणी जादा घेतलेले पैसे परत मिळाले. आता इतक्या वर्षांनी अवघड आहे, पण नावं झाकून बिलाचा फोटो टाका, मी बघून सांगतो.