घाट चढतो हो, अडतं ते पार्किंगला

कसारा घाटात बॅटरी बसते, म्हणून नाशिककराने इलेक्ट्रिक गाडीच्या नादी लागू नये, असं काही जण म्हणतात, ते पटलं नाही. कसाऱ्याहून इगतपुरीचा चढ साधारण 300 मीटरचा. दीड टनाची गाडी तेवढी वर न्यायला जास्तीची वीज लागते सव्वा युनिट, नुकसान धरून दीड समजा. 30 युनिटच्या बॅटरीत ते काय! उलट मुंबईला जाताना घाट उतरताना मोटरच जनरेटर होते आणि बॅटरीत वीज परत भरते. इगतपुरीला दिसलेला बॅटरीचा टक्का माझ्या गाडीत कसाऱ्याला जवळजवळ तसाच असतो, ब्रेकवर पायही फारसा ठेवावा लागत नाही.

खरी रखडपट्टी चार्जिंगची, आणि ती सोसायटीत. गंगापूर रोडला आमचे मीटर जिन्याखाली आणि माझं पार्किंग पार मागे, बोअरच्या मोटरशेजारी. चाळीस फूट केबल ओढायच्या परवानगीला चार महिने लागले. "स्फोट झाला तर?" हा प्रश्न तीन मीटिंगांत, आणि विचारणाऱ्यांच्या गॅलरीत दोन-दोन सिलिंडर. आता साध्या 15 अँपिअरच्या प्लगवर रात्री लावतो, तासाला तीनेक युनिट, सकाळी गाडी भरलेली. भाड्याने राहणाऱ्याने मात्र आधी घरमालकाला विचारावं, मग शोरूमला जावं.